आबिड्सपासून आसमानगडपर्यंत : एका ऐतिहासिक पायवाटेचा परिचय

फ्रान्समधील जुन्या खेड्यांत एक उपयुक्त प्रथा आढळते. गावच्या चर्चसमोरील चौकात किंवा ग्रामकचेरीच्या भिंतीवर परिसराचा एक नकाशा लावलेला असतो आणि त्यावर फिरून पुन्हा त्याच चौकात येणारी एक पायवाट दाखविलेली असते. ही वाट जुन्या घरांच्या बोळातून निघते, शेतांच्या बांधाने जाते, एखादी ओसाड पवनचक्की, गावाच्या धुण्याचे सार्वजनिक कुंड, शिवेवरचा दगडी क्रूस अशी ठिकाणे दाखविते आणि दोन-तीन तासांत माणसाला निघाल्या जागी आणून सोडते. वाटाड्या लागत नाही. झाडांच्या खोडांवर व कुंपणाच्या खांबांवर पिवळ्या रंगाची आडवी पट्टी ओढलेली असते. पट्टीला बाक दिलेला असेल तर वळावयाचे, फुली दिसली तर वाट चुकली असे समजून मागे फिरावयाचे. अनेक जिल्हे ओलांडणाऱ्या लांब पल्ल्याच्या मार्गांवर हीच खूण पांढऱ्या व तांबड्या पट्ट्यांची असते. या कामासाठी त्या देशात १९४७ साली एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि पुढे २२ जुलै १९८३ च्या कायद्याने पायवाटांची जिल्हावार नोंद ठेवण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आली. या नोंदीतील एखादी ग्रामवाट ग्रामसंस्थेने विकावयाची म्हटली, तर तिच्या जागी पर्यायी वाट उपलब्ध करून द्यावी लागते. खूण रंगविण्यापेक्षा ही तरतूद अधिक महत्त्वाची आहे, कारण वाटच नांगरली गेली तर खुणेचा उपयोग काय?

अशाच एका फ्रेंच खेड्यात, गॅस्कनी प्रांतातील सेरिन्याक येथे, १७५५ साली जन्मलेल्या एका इसमाची कबर हैदराबादेत आहे. मिशेल झोआकिम मारी रेमंड हे त्याचे नाव. त्याच्या कारकिर्दीच्या आणि त्याच्या मृत्यूनंतर बदललेल्या राजकारणाच्या खुणा आबिड्सपासून आसमानगडच्या टेकडीपर्यंत सुमारे सात किलोमीटरच्या पट्ट्यात आजही उभ्या आहेत. त्या पायी चालून एका सकाळी पाहता येतात. हैदराबादला येणारा प्रवासी बहुधा चारमिनार, सालारजंग संग्रहालय आणि गोवळकोंडा पाहून परततो. ही वाट त्याच्या कार्यक्रमात क्वचितच असते. मराठी वाचकाला मात्र तिचे विशेष अगत्य वाटावयास हवे. १७९५ च्या मार्च महिन्यात खर्ड्याच्या रणभूमीवर मराठ्यांसमोर निजामाच्या बाजूने ज्या कवायती पलटणी उभ्या होत्या, त्यांचा सेनापती हाच रेमंड होय.

रेमंड कोण होता

रेमंड १७७५ च्या सुमारास पाँडिचेरीस आला. काही काळ तो म्हैसूरच्या नोकरीतील फ्रेंच तुकडीत होता, नंतर फ्रेंच सेनापती बुसी याच्या हाताखाली राहिला. १७८५ साली बुसीचा मृत्यू झाल्यावर त्याने हैदराबादचा मार्ग धरला आणि निजाम अली खान यांची नोकरी पत्करली. आरंभी त्याच्याकडे लहानसे पथक होते. दहा-बारा वर्षांत ते चौदा हजारांच्या घरात गेले. त्यातील शिपाई बहुतेक याच देशातील होते, कवायत व अधिकारी फ्रेंच, आणि पुढे तर निशाणही फ्रेंच राज्यक्रांतीचे निळे-पांढरे-तांबडे होते. इंग्रजांना या निशाणाची धास्ती वाटे. टिपू सुलतानाशी फ्रेंचांचे सख्य असताना शेजारच्या हैदराबादेतही फ्रेंच पलटणी असाव्यात, ही गोष्ट त्यांना मानवणारी नव्हती.

लोकांमध्ये मात्र रेमंड प्रिय होता. त्याच्या नावाचा उच्चार जमेना म्हणून मुसलमान त्याला मुसा रहीम म्हणू लागले आणि हिंदू मुसा राम. ‘मस्यू रेमंड’ या फ्रेंच संबोधनाचीच ही दोन रूपे. आज मुसारामबाग या नावाची वस्ती व मेट्रो रेल्वेचे स्थानक हैदराबादेत आहे. स्थानकावर रोज उतरणाऱ्यांपैकी किती जणांना या नावात गॅस्कनीचा एक फ्रेंच माणूस दडला आहे हे ठाऊक असेल, सांगणे कठीण.

वाटेचा आरंभ

आबिड्स हे नाव सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेतील अल्बर्ट आबिद याच्या दुकानावरून पडले. म्हणजे ते रेमंडच्या काळाहून सुमारे शंभर वर्षांनी अर्वाचीन. तरीही आरंभ येथूनच करणे सोयीचे, कारण मुख्य टपाल कचेरी व तिच्यासमोरील पंडित नेहरूंचा पुतळा ही खूण कोणालाही विचारून सापडते. शक्यतो रविवारी निघावे. त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतात, वर्दळ कमी असते आणि पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. शिक्षक मंडळींना हा बाजार ओलांडून पुढे जाणे थोडे अवघड पडेल, तेवढा वेळ हिशेबात धरावा.

टपाल कचेरीपासून फत्तेमैदानाच्या दिशेने पाऊण-एक किलोमीटर गेले की गनफाउंड्री हा भाग लागतो. येथे पूर्वी स्टेट बँक ऑफ हैदराबादचे मुख्य कार्यालय होते. ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मुलींची जुनी महबूबिया शाळाही याच भागात आहे. भागाला नाव देणारी वास्तू मात्र या मोठ्या इमारतींच्या आड आहे. हिला लोक ‘तोप का सांचा’ म्हणतात. रेमंडच्या देखरेखीखाली येथे तोफा ओतल्या जात. आज दिसते ते विटा व चुन्याचे, जाड भिंतींचे, पडझड झालेले बांधकाम. पाहण्यासारखे फार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलेले बरे. परंतु थांबून विचार करण्यासारखे आहे. तोफ ओतावयाची म्हणजे तांबे व कथील, मातीचे साचे, कोळसा, भट्टी, आणि या सर्वांवर हुकमत असलेले कारागीर हवेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील प्रत्येक सत्तेला कळून चुकले होते की, युरोपियनांशी टिकाव धरावयाचा तर विकत घेतलेल्या तोफांवर भागणार नाही, स्वतःचा कारखाना हवा. महादजी शिंदे यांनी उत्तरेत द बॉयनच्या साहाय्याने हेच केले, टिपूने श्रीरंगपट्टणास हेच केले आणि निजामाने येथे.

गनफाउंड्रीकडून कोठीकडे जाताना बोगुलकुंटा लागते. तेलुगू भाषेत बोग्गु म्हणजे कोळसा आणि कुंटा म्हणजे तळे. जवळच्या तोफांच्या भट्ट्यांशी हे नाव जोडण्याचा मोह पडतो, परंतु केवळ नावावर इतिहास उभा करू नये. पुढे हनुमान टेकडी व बडी चावडी. टेकडी, चावडी हे शब्द मराठी माणसाच्या कानाला लगेच ओळखीचे वाटतात. येथून सुलतान बाजारचा गजबजाट सुरू होतो.

सुलतान बाजार आणि रेसिडेन्सी

सुलतान बाजार हा पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ सालापर्यंत या भागावर निजामाचा नव्हे, तर इंग्रज रेसिडेंटाचा अंमल होता. सभा, व्याख्याने, संस्था यांवर निजामी हद्दीत जी बंधने असत ती येथे सैल होती. म्हणून आर्यसमाजासारख्या संस्था आणि मराठी मंडळींची सार्वजनिक कार्ये यांनी या परिसराचा आश्रय घेतला. केशवराव कोरटकर व वामनराव नाईक यांच्या पिढीने उभारलेली विवेक वर्धिनी ही १९०७ मधील शाळा जवळच्याच जांबाग भागात आहे. मराठी साहित्य संमेलन १९३१ साली हैदराबादेत भरले, त्याचे अध्यक्ष ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. उच्च शिक्षणासाठी वा न्यायालयाच्या कामासाठी तिकडून आलेला माणूस या गल्ल्यांतून गेलेला असणारच. मराठवाड्यातील जुन्या घरांत आजही ‘कोठी’ हा शब्द निघाला की वडीलधाऱ्यांना या भागाची आठवण होते.

ही कोठी म्हणजेच ब्रिटिश रेसिडेन्सी. तिची वास्तू समजण्यासाठी १७९८ या वर्षाकडे जावे लागते. त्या वर्षी २५ मार्च रोजी रेमंड अकस्मात मरण पावला. वय अवघे बेचाळीस. विषप्रयोग झाला अशी कुजबुज त्या वेळी झाली, पुढेही होत राहिली. त्याच वर्षी वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि १ सप्टेंबर रोजी निजामाने तैनाती फौजेचा तह मान्य केला. फ्रेंच पलटणी बरखास्त करण्याची अट त्यात होती. रेमंडच्या जागी आलेल्या पिराँला आपल्या माणसांवर पकड ठेवता आली नाही. शिपायांचा पगार थकला होता आणि ते आपल्याच अधिकाऱ्यांवर उलटले होते. २२ ऑक्टोबर १७९८ रोजी इंग्रजांच्या तुकड्यांनी छावणीला वेढा दिला आणि दहा हजारांहून अधिक शिपायांनी लढाई न होता शस्त्रे खाली ठेवली. दक्षिणेतील फ्रेंचांचा जोर त्या एका दिवसात संपला. बारा वर्षे खपून उभे केलेले सैन्य पगाराच्या थकबाकीने गेले, ही बाब इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. तोफांच्या गोष्टी सर्वांना आवडतात, हिशेबाच्या वह्यांच्या कोणी सांगत नाही.

या घटनेचा सूत्रधार रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने पुढे १८०३ ते १८०६ या काळात मुसी नदीच्या उत्तर तीरावर ही वास्तू बांधून घेतली. आराखडा मद्रास इंजिनिअर्समधील लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याचा. उंच स्तंभ, रुंद पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले सिंह असा हा सर्व थाट आपल्या सत्तेची जाणीव करून देण्यासाठी होता. खर्च मात्र निजामाचा. जागा मिळविण्याची एक गोष्ट सांगतात. कर्कपॅट्रिकने मागितलेल्या जमिनीचा मोठा नकाशा दरबारात उलगडला, तेव्हा निजामाने नकार दिला. रेसिडेंट खट्टू झाला. तेव्हा दरबारातील मंत्र्याने त्याला समजावले की, नकाशा फार मोठा होता, राज्यच मागतोस की काय असे निजामाला वाटले! मग तीच जमीन लहानशा कागदावर काढून दाखविण्यात आली आणि मंजुरी मिळाली. नकाशाचे प्रमाण म्हणजे काय, हे पाचवी-सहावीच्या वर्गात समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

कर्कपॅट्रिक हैदराबादी पोशाख करी आणि खैरुन्निसा या सरदारघराण्यातील स्त्रीशी त्याने विवाह केला होता. वास्तू पुरी होण्यापूर्वीच, १८०५ साली, तो कलकत्त्यास मरण पावला. पुढे १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली याच रेसिडेन्सीवर हल्ला झाला. तुर्रेबाज खानाचे स्मारक कोठीत आहे, तेथे दोन मिनिटे थांबावे. स्वातंत्र्यानंतर, १९४९ पासून, वास्तूत महिला महाविद्यालय आले. त्याचे आता महिला विद्यापीठ झाले असून त्याला २०२४ पासून चाकली ऐलम्मा यांचे नाव आहे. कित्येक वर्षे गळक्या छताखाली राहिलेल्या मुख्य वास्तूची दुरुस्ती जागतिक स्मारक निधीच्या साहाय्याने झाली आहे. आवार शिक्षणसंस्थेचे असल्यामुळे आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. शाळेच्या सहलींनी मुख्याध्यापकांचे पत्र सोबत ठेवणे श्रेयस्कर.

नदीपलीकडची टेकडी

कोठीहून चादरघाटचा पूल ओलांडून वाट मुसीच्या दक्षिणेस जाते. १८३१ मध्ये पूर्ण झालेला येथील पूल ऑलिफंट पूल म्हणून ओळखला जाई. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात या नदीने शहराची अपरिमित हानी केली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानुसार वरच्या बाजूस उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे झाली. पुढे मलकपेठपर्यंतचा रस्ता रहदारीचा व सावली नसलेला आहे. त्यात पाहण्यासारखे विशेष नाही. वृद्ध मंडळींनी व लहान मुलांनी मलकपेठ ते मुसारामबाग एवढे अंतर मेट्रोने काटले तरी चालेल.

मुसारामबागेहून चढ सुरू होतो. आसमानगड ही टेकडी येथे आहे. तिच्यावरील वाडा पायगाह घराण्यातील सर आसमान जाह यांचा; ते १८८७ ते १८९३ या काळात हैदराबादचे दिवाण होते. रेमंडच्या काळी येथे घरे नव्हती, मोकळे माळरान होते. आता वस्तीने टेकडीला चहूबाजूंनी वेढले आहे. त्या घरांमधून वर आले की एकाएकी मोकळा चौथरा लागतो, त्यावर ग्रीक पद्धतीच्या खांबांचा मंडप आणि जवळच सुमारे सात मीटर उंचीचा निमुळता काळा स्तंभ. स्तंभावर रेमंडच्या नावाची दोन आद्याक्षरे कोरलेली आहेत. नावाचा लांबलचक लेख नाही, पराक्रमाचे वर्णन नाही. जवळजवळ दीडशे वर्षे त्याच्या पुण्यतिथीस येथे उरूस भरे, लोक ऊद जाळीत, दिवे लावीत. निजामाकडून त्या दिवशी चिरूटांची पेटी व मद्याची बाटली कबरीवर पाठविली जाई, असेही सांगतात. परमुलखातील, परधर्मातील एका भाडोत्री सेनापतीची कबर लोकांनी पिरासारखी पुजावी, हे दक्षिणेच्या लोकजीवनाला धरूनच आहे.

उरूस बंद पडला, येणारे कमी झाले आणि २००१ च्या पावसात मंडप कोसळला. त्यानंतर पुरातत्त्व विभागाने तो पुन्हा उभारला; आज दिसतो तो हा पुनर्रचित मंडप. कोसळण्याचे कारण अर्थात जीर्ण बांधकाम. परंतु वर्षातून एकदा का होईना शेकडो माणसे जेथे जमतात, तेथील भेग कोणाच्या तरी नजरेस पडते, आणि कोणी तरी तक्रार करते. ओस पडलेल्या वास्तूला हा आधार नसतो.

वाटेचे दुसरे टोक : खर्डा

रेमंडची हकीकत हैदराबादेत पुरी होत नाही. तिचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या शिवारात घडला. ११ मार्च १७९५ रोजी निजामाची फौज मोहरी घाट उतरून परांड्याच्या रोखाने निघाली असता परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. पहिल्या झटापटीत भाऊ स्वतः जखमी झाले व त्यांचे पुतणे विठ्ठलराव ठार झाले. मग रेमंडच्या पलटणी पुढे सरसावल्या. त्यांच्यासमोर मराठ्यांकडून उभा होता दौलतराव शिंद्यांचा सेनानी पेराँ. तोही फ्रेंचच! त्याने उंचवट्यावर तोफा मांडल्या होत्या, नागपूरकर भोसल्यांच्या बाणांचा मारा चालू होता. निजामाचे घोडदळ हटले तरी रेमंडचे शिपाई जागा धरून होते. परंतु जनानखान्यातील स्त्रिया घाबरल्यामुळे निजामाने त्याला मागे बोलाविले. रात्री एका नाल्यावर पाण्यासाठी आलेल्या गस्तीच्या तुकडीवर बार उडाले, अंधारात सर्व सैन्यात गोंधळ माजला आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. दोन दिवसांनी त्याने बोलणी लावली. दौलताबादचा किल्ला व मोठा मुलूख, तीन कोटी रुपये आणि दिवाण मशीर-उल्-मुल्क यास ओलीस देणे त्याला कबूल करावे लागले. तो दिवाण दोन वर्षे पुण्यात अडकून होता, आणि परतल्यावर इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार घडवून आणण्यात त्याचाच पुढाकार होता. खर्ड्याचा विजय आणि कोठीची रेसिडेन्सी यांच्यामधील दुवा हा असा आहे.

निंबाळकरांचा हा किल्ला आज उभा आहे. किल्ला पाहून लोक मोटारीने परत जातात. घाटाची उतरण, उंचवटा, नाला ही रणभूमीची अंगे मात्र पायी गेल्याखेरीज उमगत नाहीत. किल्ल्यापासून निघून शिवारातून फिरून परत किल्ल्याशी येणारी एक वाट फ्रेंच खेड्यांच्या धर्तीवर येथे आखता येण्याजोगी आहे. तिला इमारत लागत नाही की मोठा निधी लागत नाही. गाव नकाशा हवा, त्यावर पायमार्ग एका तुटक रेषेने व गाडीमार्ग दोन समांतर तुटक रेषांनी दाखविलेला असतो. शाळेतील वरच्या वर्गातील मुलांनी शिक्षकांसमवेत हा नकाशा हाती घेऊन शिवारात फिरावे आणि नकाशातील कोणती वाट आज चालू आहे, कोणती बांधात गेली आहे याची नोंद करावी. तलाठ्यांकडून ती तपासून घ्यावी. वाट अडविली गेली असेल तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ मध्ये तशी तरतूद आहे. शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ अन्वये ठरविला जातो, पण तो शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी असतो, फिरावयास येणाऱ्यांसाठी नव्हे. म्हणून जेथे वाट खाजगी बांधावरून न्यावी लागेल, तेथे शेतकऱ्याची संमती आधी घ्यावी आणि उभ्या पिकाच्या दिवसांत तेवढा भाग बंद ठेवावा. फ्रान्समध्येही पुष्कळ वाटा अशाच संमतीवर चालतात.

खुणेसाठी रंगाचा एक डबा पुरतो. ती देवस्थानच्या दगडांवर व किल्ल्याच्या भिंतींवर काढू नये, स्वतंत्र खांबावर किंवा बांधाच्या दगडावर काढावी. उन्हाळ्याच्या तोंडाशी, लढाईच्या दिवसांच्या सुमारास, रब्बीची ज्वारी काढून झालेली असते, शेते मोकळी असतात आणि घाटापासून किल्ल्यापर्यंतचा सारा उतार एका दृष्टीत येतो. पहिली फेरी त्या दिवसांत काढावी. पाणी मात्र गावातूनच भरून न्यावे.